पत्त्यांचा देश

पत्त्यांच्या जोडातील राजा, राणी आणि गुलाम यांच्या चेहऱ्यांवर कधी हसू उमटत नाही. या निर्विकार चेहऱ्यांवरून रवींद्रनाथ ठाकुरांना एक कथा सुचली. ती १८९२ साली बंगालीत प्रसिद्ध झाली. पुढे १९३३ साली, वयाची सत्तरी उलटल्यावर, त्यांनी तीच कथा रंगभूमीसाठी नव्याने लिहिली. त्या नाटकाचे नाव ‘ताशेर देश’, म्हणजेच पत्त्यांचा देश.

कथेतील बेटावर केवळ पत्त्यांची वस्ती आहे. एक्का, राजा व गुलाम हे तेथील उच्च वर्ण. नव्वी-दश्शीला त्यांच्या पंक्तीला बसण्याचा अधिकार नाही. उठणे, बसणे, चालणे सारे नियमाने चालते. नियम कोणी केला आणि कशासाठी, हे कोणीच विचारीत नाही. अशा या बेटावर एक राजपुत्र, एक कोतवालाचा मुलगा व एक व्यापाऱ्याचा मुलगा येऊन पोहोचतात. या परक्यांना कोणत्या पंक्तीला बसवावे, हे ठरविण्यासाठी एक्के मोठी सभा भरवितात. तिघांना तर कडकडून भूक लागलेली! ते जेथे जे अन्न मिळेल ते खाऊ लागतात. तेव्हा दुर्री आणि तिर्रीसुद्धा थक्क होतात आणि हे लोक आपल्याहूनही हीन जातीचे असले पाहिजेत, असे एकमेकींना सांगतात. ज्यांना नियमांचा जाच सर्वांत अधिक, त्याच नियमांच्या राखणदार! वाचकाला येथे हसू येते. पण ते फार वेळ टिकत नाही.

पुढे वसंत येतो, बदामाची राणी मान वर करून राजपुत्राकडे पाहते आणि ‘इच्छा’ नावाची नवीच गोष्ट पत्त्यांच्या मनात जागी होते. कथाकाराला हे सांगता येते, कारण तो पात्रांच्या मनात शिरू शकतो. नाटककाराला ती सोय नाही. रंगभूमीवर मन दिसत नाही, देह दिसतो. म्हणून नाटकातील पत्ते आरंभी ताठ अंगाने, मोजक्या पावलांनी चालतात. इच्छा जागी होते ती गाण्यांतून आणि मोकळ्या झालेल्या हालचालींतून.

नाटकात मौजही अधिक आहे. दमलेल्या ब्रह्मदेवाच्या जांभईतून आमची उत्पत्ती झाली, असे पत्ते अभिमानाने सांगतात. त्यावर राजपुत्र उत्तर देतो की, आम्ही त्याच्या शिंकेतून जन्मलो. म्हणून आम्हांला स्वस्थ बसवत नाही!

कोतवालाचा मुलगा मात्र नाटकातून वगळला गेला आहे. त्याची उणीव फारशी भासत नाही. स्त्रियांना मिळालेले स्थान अधिक महत्त्वाचे आहे. बंगालीत बदामाला हरतन म्हणतात. त्यावरून जिचे नाव पडले ती हरतनी नुसती पाहत राहत नाही. ती स्वतः फुले तोडावयास जाते आणि नियम मोडते. १९३९ साली रवींद्रनाथांनी या नाटकाची दुसरी आवृत्ती सुभाषचंद्र बोस यांना अर्पण केली. पारतंत्र्यातील प्रेक्षकांना पत्त्यांचा देश कोठे आहे, हे वेगळे सांगावे लागले नसेल.

तरी एका बाबतीत कथाच सरस वाटते. तिच्यातील राजपुत्र नावडत्या राणीचा मुलगा आहे. ती समुद्रतीरावर एकटीच त्याची वाट पाहत असते. कथेच्या अखेरीस ती माउली नावेत बसून मुलाच्या नव्या राज्यात येते. नाटकाच्या शेवटच्या जल्लोषात तिची नाव किनाऱ्याला लागत नाही.