मालक सिंहगड रस्त्यावर, मालक फ्लोरिडात

मँचेस्टरमध्ये कुणाशी ओळख वाढवायची असेल तर आधी पावसाला नावं ठेवायची आणि मग मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबाच्या मालकांना, ग्लेझर कुटुंबाला. पावसाबद्दल निदान दोन मतं असू शकतात, ग्लेझरांबद्दल नाहीत. शहराच्या लाल भागात तरी नाहीतच. निळ्या भागात, म्हणजे मँचेस्टर सिटीवाल्यांत, ग्लेझर भलतेच लोकप्रिय आहेत. ‘देव त्यांना उदंड आयुष्य देवो,’ असं आमच्या ऑफिसातला एक सिटीवाला दर सोमवारी मनापासून म्हणतो.

आमच्या शेजारी राहणारे आजोबा पक्के लाल. रॉयल मेलमधून निवृत्त झालेले, गुडघे कुरकुरणारे, पण घरचा सामना चुकवायचा नाही हा नेम. गंमत म्हणजे सामन्याला निघताना त्यांच्या गळ्यात लाल मफलर नसतो. हिरवा-सोनेरी असतो. त्यातल्या सोनेरीचा आता मळकट पिवळा झालाय, एका टोकाची झालर उसवलीय, आणि हिरव्या पट्ट्यावर कधीच्या तरी पायमधल्या ग्रेव्हीचा डाग आहे. मँचेस्टर युनायटेड १८७८ मध्ये सुरू झाला तो न्यूटन हीथ या नावानं, रेल्वेच्या डबे बांधणाऱ्या कामगारांचा संघ म्हणून. हिरवा आणि सोनेरी हे त्यांचे रंग. २०१० मध्ये चाहत्यांनी निषेध म्हणून ते पुन्हा गळ्यात घातले. त्या मार्चमध्ये ए. सी. मिलानकडून खेळायला आलेल्या, युनायटेडच्याच जुन्या खेळाडूनं, डेव्हिड बेकहॅमनं सामना संपल्यावर मैदानावर पडलेला असाच एक मफलर उचलून गळ्यात टाकला, तर आजोबांच्या पिढीचे डोळे भरून आले. क्लबचे मूळ रंग क्लबच्याच मालकाविरुद्ध वापरायचे, ही कल्पना मला फार आवडली.

मी पेशानं अकाउंटंट. त्यामुळे शिव्या देता देता आजोबांनी आकडे चुकवले तर ते लगेच माझ्या लक्षात येईल. ते चुकवत नाहीत. २००५ मध्ये फ्लोरिडाच्या माल्कम ग्लेझर यांनी हा क्लब सुमारे ७९ कोटी पौंडांना घेतला. त्यातला मोठा भाग कर्जाऊ होता, आणि खरी मेख पुढेच आहे : पन्नास कोटींहून जास्त पौंडांचं ते कर्ज मालकाच्या नव्हे, क्लबच्या डोक्यावर चढलं. आदल्या दिवसापर्यंत कर्जमुक्त असलेला क्लब स्वतःच्याच विक्रीचे हप्ते फेडू लागला. हे पूर्णपणे कायदेशीर आहे. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत त्याला भारदस्त नाव आहे, परीक्षेला मीही ते लिहून गुण मिळवलेत. पण ज्याच्या तिकिटातून ते व्याज जातं, तो माणूस समोर बसून चहा पीत असला की पुस्तकातलं नाव तोंडातून निघत नाही. तेव्हापासून व्याज, सल्लागारांची फी आणि लाभांश धरून क्लबबाहेर गेलेली रक्कम १०० कोटी पौंडांच्या वर आहे. माल्कम ग्लेझर २०१४ मध्ये वारले. मालक म्हणून त्यांनी ओल्ड ट्रॅफर्डची पायरी कधी चढली नाही. त्यांची मुलं २००५ च्या जूनमध्ये मैदान बघायला आली, तर बाहेर जमलेल्या गर्दीतून त्यांना पोलिसांच्या गाडीतून काढावं लागलं.

मग इतकी वर्षं चाललं कसं? चाललं ते प्रशिक्षक सर ॲलेक्स फर्ग्युसन यांच्या जिवावर. ग्लेझरांच्या काळात त्यांनी पाच वेळा लीग जिंकून दिली, २००८ मध्ये चॅम्पियन्स लीगही. कपाटात चषक येत असला की ताळेबंद कोण वाचतो? २०१३ मध्ये फर्ग्युसन निवृत्त झाले. त्यानंतर लीगचं विजेतेपद आलेलं नाही. मधल्या काळात, २०१२ मध्ये, क्लबचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आले. त्या विक्रीतले साधारण निम्मे पैसे क्लबचं कर्ज कमी करायला गेले आणि निम्मे कुटुंबाकडे. लोकांना विकलेल्या शेअरला एक मत, कुटुंबाच्या शेअरला दहा. म्हणजे भागधारक व्हा, सभेला या, आवाज मात्र काढू नका.

सगळ्यात मोठा भडका उडाला २०२१ मध्ये. १८ एप्रिलला युरोपातल्या बारा बड्या क्लबांनी आपली वेगळी सुपर लीग जाहीर केली. सहा क्लब इंग्लंडचे, त्यांत युनायटेड. संस्थापकांना कायमची जागा, खाली घसरायची भीती नाही, टीव्हीचे पैसे बांधलेले. दोन दिवसांत इंग्लिश क्लबांनी माघार घेतली. पण २ मे रोजी लिव्हरपूलविरुद्धच्या सामन्याआधी चाहते थेट ओल्ड ट्रॅफर्डच्या हिरवळीवर घुसले आणि सामनाच पुढे ढकलावा लागला. आजोबा तेव्हा बाहेर उभे होते. आत शिरायला गुडघ्यांनी नाही म्हटलं, याची खंत ते अजून बोलून दाखवतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सर जिम रॅटक्लिफ यांनी साधारण पाव हिस्सा घेतला तेव्हा आमच्या गल्लीत दिवाळी होती. फेल्सवर्थमध्ये जन्मलेला, इथलाच माणूस. तो आता मोनॅकोत राहतो, याकडे तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही. त्याच वर्षी मे महिन्यात आर्सेनलविरुद्धच्या सामन्यानंतर ओल्ड ट्रॅफर्डच्या छपरातून पाण्याचा धबधबा कोसळताना साऱ्या जगानं पाहिला. नव्या मालकानं आधी छपराला नाही, खर्चाला हात घातला. सुमारे अडीचशे नोकऱ्या गेल्या, पुढच्या वर्षी आणखी दोनशेपर्यंत जाणार असं जाहीर झालं. कर्मचाऱ्यांचं फुकट जेवण बंद झालं. फर्ग्युसन यांचा सदिच्छादूत म्हणून असलेला करारही संपवला. आणि हंगाम ऐन भरात असताना सभासदांसाठी उरलेल्या तिकिटांचा किमान दर ६६ पौंड झाला. मुलांना सवलत नाही, म्हाताऱ्यांना नाही. त्याआधी लहान मुलाचं तिकीट २५ पौंडांपासून मिळायचं. युनायटेडचं तिकीट फुलहॅमच्या तिकिटापेक्षा स्वस्त असण्यात अर्थ नाही, असं रॅटक्लिफ यांचं म्हणणं. बाजाराच्या हिशेबानं ते चूक नाही.

पण बाजाराचा हिशेब आणखी खोल जातो, आणि तो मला माझ्याच घरी येणाऱ्या पाहुण्यांनी शिकवला. दर उन्हाळ्यात ठाण्या-डोंबिवलीहून कुणी ना कुणी येतं. लंडन, लेक डिस्ट्रिक्ट आणि ‘तुमच्या गावचं ते मैदान’ असा कार्यक्रम ठरलेला असतो. स्टेडियमची सहल, ड्रेसिंगरूममध्ये फोटो, मग दुकान. माझ्या भाच्यानं गेल्या खेपेला स्वतःच्या नावाची जर्सी, मित्रांसाठी दोन मफलर, आजीसाठी चहाचा मग एवढं घेतलं, आणि बिल पाहून माझी बहीण काउंटरवरच खाली बसली. आजोबा मात्र घरून सँडविच नेतात. दुकानात त्यांनी कधी पाऊल टाकलेलं नाही. आता मालकाच्या खुर्चीत बसून पाहा. जो जन्मभर दर पंधरा दिवसांनी येतो, त्याच्यापासून मिळकत कमी. जो जन्मात एकदा येतो, त्याच्यापासून जास्त. सगळ्यात निष्ठावान माणूस हा सगळ्यात कमी फायद्याचा, आणि त्यानं अडवलेली खुर्ची माझ्या भाच्याला विकता आली असती.

‘मग तिकीट सोडत का नाही?’ असं मी आजोबांना एकदा विचारलंच. ते म्हणाले, ‘सोडलं तर ग्लेझरांचं काय जाणार, लव्ह? रांगेत दुसरा उभाच आहे. जाईल ते माझं.’ त्यांच्या पुढच्या रांगेत एक बाई बसतात, आईच्या मांडीवर बसून यायच्या, आता नातवाला आणतात. डावीकडचा माणूस तिथेच भेटला, तिथेच भेटतो, बाहेर कुठे राहतो ते आजोबांना नीटसं ठाऊक नाही. वाणी आवडला नाही तर वाणी बदलता येतो. हे गिऱ्हाईक दुकान बदलणार नाही, हे मालकाला पक्कं ठाऊक आहे, आणि सगळा नफा या खात्रीवर उभा आहे.

इथवर माझं मत साधं होतं : पैसे काढणारा मालक वाईट. पण कामानिमित्त मला ब्लॅकबर्नला जावं लागतं, आणि तिथे हे मत टिकत नाही. स्टेशनबाहेरचा टॅक्सीवाला भरूचकडचा. पुण्याची म्हटल्यावर त्यानं आरशातून पाहिलं. ‘पुना? फिर तो आप हमारे मालिक के गाँव की हो, बहेन!’ ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब नोव्हेंबर २०१० पासून पुण्याच्या व्यंकीज या कोंबडीवाल्या कंपनीचा आहे. स्थानिक पोलादसम्राट जॅक वॉकर यांच्या पैशावर आणि ॲलन शिअररच्या गोलांवर १९९५ मध्ये प्रीमियर लीग जिंकलेला हा क्लब, सव्वादोन-अडीच कोटी पौंडांत आणि डोक्यावरच्या कर्जासकट, सिंहगड रस्त्यावरच्या व्यंकटेश्वरा हाउसकडे आला. महिन्याभरात सॅम अलर्डाइस या अनुभवी प्रशिक्षकाची उचलबांगडी झाली. रोनाल्डिन्होला आणण्याच्या गप्पा झाल्या. खेळाडू चिकन खाताना दिसतील अशी जाहिरात निघाली. मे २०१२ मध्ये संघ प्रीमियर लीगमधून खाली गेला, त्या रात्री कुणीतरी क्लबच्या झेंड्यात गुंडाळून एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. २०१७ मध्ये तर संघ थेट तिसऱ्या श्रेणीत पोचला, पुढच्या वर्षी वर आला. २०२५ मध्ये महिलांचा संघ दुसऱ्या श्रेणीतून मागे घेण्यात आला, नव्या अटींचा खर्च नको म्हणून.

पण व्यंकीजनं ब्लॅकबर्नमधून नफा काढलेला नाही. उलट २० कोटी पौंडांहून जास्त ओतलेत. आमचे पुण्याचे काका फोनवर तेच म्हणतात : ‘अगं, स्वतःचे पैसे घालतायत बिचारे, तरी लोक ओरडतात? कृतघ्नच म्हणायचे.’ काकांना मी टॅक्सीवाल्याचं उत्तर सांगितलं. पैसे येतात हे त्याला मान्य होतं. त्याचं म्हणणं एवढंच होतं की पैसे पाठवणारे येत नाहीत. काय ठरलं, का ठरलं, पुढं काय, हे इवुड पार्कवर, क्लबच्या मैदानावर, कुणी सांगत नाही. विचारायचं म्हटलं तर विचारणार कुणाला? फ्लोरिडाचा मालक पैसे नेतो, पुण्याचा मालक पैसे देतो, आणि दोन्हीकडच्या गर्दीचा आवाज सारखाच लागतो. काका यावर काही बोलले नाहीत. तिकडे हवा कशी आहे, असं विचारलं.

मालकीच्या या प्रश्नावर चिडून वेगळा संसार थाटणारेही इथे आहेत. २००५ मध्येच युनायटेडच्या काही चाहत्यांनी एफ. सी. युनायटेड ऑफ मँचेस्टर हा आपला क्लब काढला आणि इंग्लिश फुटबॉलच्या खूप खालच्या, दहाव्या पायरीपासून सुरुवात केली. प्रत्येक सभासदाला एक मत, मग तो कितीही पैसे देवो. दहा वर्षं भाड्याच्या मैदानांवर काढून २०१५ मध्ये मोस्टनला स्वतःचं ब्रॉडहर्स्ट पार्क उभारलं. सीझन तिकिटाची किमान रक्कम ठरलेली, वर किती द्यायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. तिथे स्वर्ग आहे असं नाही. मालक सगळेच झाले की सभा आपल्या हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेसारखी होते : इतिवृत्तावरच तासभर भांडण, आणि राजीनामे. २०१६ मध्ये तिथे असंच मोठं वादळ होऊन मंडळातले बरेच जण पायउतार झाले. पण भांडायला समोर माणूस असतो. आजोबा मात्र तिथे कधी गेले नाहीत. ‘बरोबर आहेत ती पोरं,’ म्हणतात, आणि ओल्ड ट्रॅफर्डची ट्राम पकडतात.

सरकारला जाग आली ती सुपर लीगनंतर. जुलै २०२५ मध्ये फुटबॉलचा नवा कायदा झाला आणि स्वतंत्र नियामक आला. मालक लायक आहे का ते तो तपासणार, आणि क्लबाचं चिन्ह किंवा घरच्या जर्सीचा रंग बदलायचा तर चाहत्यांना विचारावं लागणार. तिकीट किती महाग असावं हे तो ठरवणार नाही, आणि मालकाला मैदानावर येऊन बसायला भाग पाडणं तर कुठल्याच कायद्याला जमणार नाही. मला कायद्यापेक्षा ५ जानेवारी २०२५ ची गोष्ट जास्त आशेची वाटते. त्या दिवशी ॲनफिल्डवर लिव्हरपूल-युनायटेड सामना होता. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे हे दोन गोट बर्फात एकत्र उभे राहिले, तिकिटांच्या दरवाढीविरुद्ध. आजोबांनी मला फोटो दाखवला तेव्हा लिव्हरपूलवाल्यांचे चेहरे अंगठ्यानं झाकले होते, पण दाखवला.

तेव्हा इकडे येणाऱ्या मंडळींना एक विनंती. ओल्ड ट्रॅफर्ड पाहाच, पाहण्यासारखं आहे. पण शनिवार हाताशी असेल तर दुपारी मोस्टनला या, मी घेऊन जाईन. भाच्या-पुतण्यांसाठी जर्सी तिथून घ्या. तिच्या छातीवर कुणाचीही जाहिरात नसते, क्लबाच्या घटनेतच तसं लिहिलंय.