आप्पांचा उजवा हात

बारावीनंतर मला व्यवसायोपचार शाखेत प्रवेश मिळाला, तेव्हा आमच्या घरी पहिली चर्चा झाली ती त्या शब्दाचीच. सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत. व्यवसाय म्हटला की सौदा, उधारी आणि पेढी एवढेच आम्हांस ठाऊक. काका गमतीने म्हणाले, "बरे झाले. बुडत्या पेढ्यांना औषध देणारे कोणीतरी घरात हवेच होते." आप्पा, म्हणजे माझे आजोबा, खाटेवरून हसले, परंतु चेहऱ्याची एकच बाजू हसली. त्याच वैशाखात पक्षाघाताने त्यांचे उजवे अंग लुळे पडले होते.

मुंबईच्या वसतिगृहात राहू लागले. अभ्यासक्रम तेव्हा साडेचार वर्षांचा होता, त्यांतील अखेरचे सहा महिने रुग्णालयात प्रत्यक्ष उमेदवारीचे असत. पहिल्या वर्षी शरीररचना आणि शरीरक्रिया यांचे ओझे सर्वांनाच असते, त्याविषयी लिहीत नाही. मला चकित केले ते मूलतत्त्वांच्या तासाने. या शास्त्रात व्यवसाय म्हणजे केवळ अर्थार्जन नव्हे. माणसाचा दिवस ज्या ज्या कामांनी भरतो ती सारी कामे. दात घासणे, सदऱ्याची बटणे लावणे, दुकानाचे कुलूप उघडणे, नातवंडाला गोष्ट सांगणे, हे सर्व व्यवसायच. अमेरिकेत जन्मलेल्या आणि विवाहाने निंबकर झालेल्या कमलाबाईंनी 1950 साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात या विद्येचे देशातील पहिले विद्यालय सुरू केले, हेही तेथेच कळले. इतकी वर्षे हे शिक्षण आपल्याच राज्यात चालू आहे आणि आमच्या घरात त्याचे नावही कोणी ऐकले नव्हते!

पहिला गृहपाठ होता चहा करण्याच्या कृतीचे विश्लेषण. मी सात ओळी लिहिल्या. बाईंनी वही परत केली, समासात प्रश्न होता, "गाळणी कोणत्या हातात?" पुन्हा लिहिताना अडीच पाने झाली. भांडे उचलण्यास किती बळ लागते, बोटांची पकड कशी असते, तोल कोठे जातो, आधी काय आणि नंतर काय हे आठवावे लागते का, डोळा आणि हात यांचा मेळ कोठे पडतो. रोजमेळात एकही रक्कम गाळू नये, तशी एकही हालचाल गाळायची नाही. ज्या पायरीवर रुग्ण अडतो ती नेमकी सापडली, म्हणजे तीच तेवढी सोपी करायची; बाकीच्या त्याच्याच हाती ठेवायच्या.

दिवाळीच्या सुट्टीचा गृहपाठ असा की, घरातील एका व्यक्तीचा दिवस टिपून आणावा. एका रकान्यात तिने स्वतः केलेली कामे, दुसऱ्यात इतरांनी तिच्यासाठी केलेली. मी आप्पांची निवड केली. संध्याकाळपर्यंत दुसरा रकाना पान ओलांडून गेला. दाढी वडिलांनी केली, सदरा काकूंनी घातला, घास आजींनी भरवला, वर्तमानपत्राची पानेही कोणीतरी उलटून दिली. पहिल्या रकान्यात एकच शब्द होता, "जप". आप्पांचा डावा हात तर धडधाकट होता. त्यालाही आम्ही सहा महिने काम दिले नव्हते. उजव्या हाताची बोटे किंचित हलत असत, पण तिकडे पाहण्यास कोणाला सवडच नव्हती. आम्ही सारे सेवेत गुंतलो होतो.

रात्री बाईंना दूरध्वनी केला. त्यांनी आधी एक गोष्ट बजावली: लुळा हात ओढून उठवू नका, खांदा निखळू शकतो. आम्ही रोज तसेच उठवत होतो. मग सदरा. घालताना लुळा हात आधी, काढताना धड हात आधी. एवढासा नियम, पण तिसऱ्या दिवशी आप्पांनी सदरा स्वतः चढवला. वरचे बटण तेवढे राहिले.

जेवणाचा प्रश्न मात्र कठीण झाला. ताटाखाली ओले फडके घातले, चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड केला. तरीही आप्पांना पाऊण तास लागे, निम्मी आमटी सदऱ्यावर सांडे. सूर्यास्तानंतर ते पाणीही घेत नसत. दुसऱ्या दिवशी अर्धे ताट तसेच राहिले आणि दिवस मावळला. आजींना रडू आवरेना. "माझ्या हातची सेवा तुला का खुपते गं? माणूस उपाशी झोपवायला शिकवतात का तुमच्या कॉलेजात?" मला उत्तर देता आले नाही. त्या रात्री मलाही झोप आली नाही. पुस्तकातील एका पानासाठी मी म्हाताऱ्या माणसाचे हाल तर करीत नाही ना, असे वाटत राहिले.

सकाळी आप्पांनीच तोड काढली. जड जिभेने म्हणाले, "पाच वाजता वाढा."

त्या दिवसापासून स्वयंपाक तासभर आधी होऊ लागला. आजी समोर बसत, पण हात मांडीवर ठेवून. त्यांना ते किती जड जाई हे दिसत असे. शेवटचे दोन घास मात्र त्याच भरवीत, आणि मी ते दुसऱ्या रकान्यात लिहिले नाही.

सुट्टी संपण्याच्या आदल्या दिवशी काकांनी गोदामातून नमुन्याची पिशवी आणली. मी ती आप्पांच्या पुढ्यात परातीत ओतली, त्यांचा उजवा पंजा परातीच्या काठावर टेकवला आणि जाड-बारीक हळकुंडे निवडण्यास सांगितले. ते डाव्या हाताने निवडू लागले. थोड्या वेळाने त्यांनी एक हळकुंड उजव्या बोटांत अडकवले, डाव्या हाताने मोडले आणि कानाशी नेऊन आवाज ऐकला.

"ओल आहे," ते काकांना म्हणाले. "भाव कमी कर."

काकांनी पिशवी उचलली आणि पेढीवर निघून गेले. मुंबईला परतल्यावर मी गृहपाठ दिला. बाईंनी तो संपूर्ण वाचला आणि समासात लिहिले, "परात किती उंचीवर होती, ते नोंदवलेले नाही."