पंधराव्या महिन्यातली मदत

लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर उपचार करणाऱ्यांना दिवाळीच्या आठवड्याची जरा धास्तीच असते. कॉलेजं बंद, नोकरदार गावी गेलेले, रक्तदान शिबिरं थंडावलेली. लाल पेशींची पिशवी शीतकपाटात महिनाभर सहज टिकते. प्लेटलेटचं तसं नाही. त्या 20 ते 24 अंशांवर, सतत हलत्या ठेवाव्या लागतात आणि 5 दिवसांनंतर टाकून द्याव्या लागतात. त्यामुळे एखाद्या नेत्याच्या वाढदिवसाला मांडव घालून शेकडो पिशव्या जमवल्या, तरी पंधरवड्यानंतर ज्या मुलाच्या नाकातून रक्त थांबत नाही त्याला त्यातली एकही प्लेटलेट मिळणार नसते. नागपूरकरांचा उत्साह कमी आहे असं मी म्हणणार नाही. तो एकाच दिवशी उतू जातो, ही अडचण आहे. आणि ल्युकेमियाच्या मुलाच्या कुटुंबाला समाज जी काही मदत करतो, तिचं बहुतेक ठिकाणी असंच होतं, हे मला या लेखात मांडायचं आहे.

मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. 1947-48 मध्ये बोस्टनला सिडनी फार्बर यांनी औषधानं हा आजार काही महिने मागे हटवून दाखवला, तेव्हा तेवढंही अघटित वाटलं होतं. आज श्रीमंत देशांत अशी दहातली जवळपास नऊ मुलं बरी होतात. गंमत अशी की या यशातली बरीचशी औषधं जुनीच आहेत. ती कोणत्या क्रमानं, किती मात्रेत आणि किती काळ द्यायची, हे शिकण्यात अर्धं शतक गेलं. पहिल्या महिनाभराच्या किमोनंतर बहुतेक मुलांच्या रक्तात सूक्ष्मदर्शकाखाली आजार दिसेनासा होतो. पण तिथे थांबलं तर तो परत येतो. म्हणून पुढे काही महिने जोरकस औषधं, पाठीतली इंजेक्शनं आणि मग घरी घ्यायच्या गोळ्या, असा एकूण दोन-अडीच वर्षांचा प्रवास असतो. या शेवटच्या टप्प्यात मूल शाळेत जातं, केस पुन्हा आलेले असतात, घराला वाटतं सुटलो. प्रत्यक्षात रोज रात्री मर्कॅप्टोप्युरिन द्यायची असते. पेशी वाढल्या-घटल्या की मात्रा बदलते. पाच दिवस एक गोळी, दोन दिवस अर्धी, असा हिशेब आईला कॅलेंडरवर लिहून ठेवावा लागतो. मेथोट्रेक्सेट मात्र आठवड्यातून एकदाच, एकाच वेळी पाच-सहा बारीक पिवळ्या गोळ्या. ही चुकून रोज दिली गेली तर जिवावर बेतू शकतं. मर्कॅप्टोप्युरिनच्या 95 टक्क्यांहून कमी मात्रा पोटात गेल्या तर आजार उलटण्याचा धोका वाढतो, असं अमेरिकेतल्या मुलांच्या अभ्यासात दिसलं. 95 टक्के म्हणजे महिन्यात फार तर एक गोळी चुकण्याची मुभा.

आता मदतीचं वेळापत्रक बघा. निदान होतं तेव्हा नातेवाईक, शेजारी, बापाच्या कामावरचे लोक, शाळा, सगळे धावून येतात आणि पैसे गोळा होतात. पंधराव्या महिन्यात बापाच्या रजा संपलेल्या असतात, उसनवारी वाढलेली असते, धाकटं भावंड आजीकडे ठेवलेलं असतं आणि तपासणीची तारीख आलेली असते. नागपूरला मेडिकल कॉलेज, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल किंवा जामठ्याच्या कॅन्सर रुग्णालयात येणारी कुटुंबं केवळ शहरातली नसतात. कोणी भामरागडकडून येतं, कोणी छिंदवाड्याहून, कोणी बालाघाटहून. एक तारीख म्हणजे दोन दिवसांची मजुरी, तिघांचं एसटीचं भाडं आणि रात्रीचा मुक्काम. त्यात मूल हिंडतं-फिरतं दिसतंय. तारीख चुकते ती अशी, बेफिकिरीनं नव्हे. सलग 4 आठवडे किंवा त्याहून जास्त उपचार चुकले की आमच्या शास्त्रात त्याला उपचार सोडणं म्हणतात. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरानं मुक्काम, प्रवास, कुटुंबाचा आधार आणि प्रशिक्षित परिचारिका यांची घडी बसवली, तेव्हा उपचार सोडणाऱ्यांचं प्रमाण 16 टक्क्यांवरून एक टक्क्याखाली आलं, असं 2004 मध्ये प्रसिद्ध झालं. तिथे औषधांची पद्धतही सुधारली होती, त्यामुळे मुलं वाचल्याचं सगळं श्रेय खोलीभाड्याला देता येत नाही. पण अर्धवट सोडलेली औषधपद्धती कितीही चांगली असली तरी ती काय कामाची?

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: आता महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, कवच दीड लाखांवरून 5 लाखांवर गेलं आहे, आयुष्मान भारत आहे, मग समाजानं आणखी काय करायचं? योजनेनं मोठा फरक पडला, हे मी आनंदानं मान्य करतो. जमीन विकून किमो करण्याचे दिवस पुष्कळ मागे पडले. पण योजना रुग्णालयाचं बिल भागवते. रेल्वे कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपरचं पूर्ण भाडं माफ करते, सोबतच्याला 75 टक्के. स्टेशनपासून गावापर्यंतचा खर्च, बुडालेली मजुरी आणि मध्यरात्रीचा ताप यांची पुरेशी तरतूद मात्र नाही. तापाचं विशेष सांगायला हवं, कारण पांढऱ्या पेशी कमी असताना 100.4 फॅरनहाइटच्या वर गेलेला ताप ही तातडीची बाब असते. रुग्णालयात पोचल्यावर तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. अशा रात्री दोन वाजता गाडी काढणारा शेजारी लाखाच्या देणगीदाराइतकाच कामाचा असतो. (भेटीला आलेल्यांनी आणलेली संत्री मात्र धुऊन, सोलून खुशाल द्यावीत. पथ्याच्या नावाखाली मुलांना उपाशी ठेवण्याला फारसा आधार नाही.)

रक्ताच्या बाबतीत तर शेजाऱ्यांची गरज वैद्यकीयच आहे. आई-बाप आधी स्वतःचा हात पुढे करतात. पण जवळच्या नात्यातल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मुलाच्या शरीरात घातक प्रतिक्रिया देऊ शकतात, आणि पुढे अस्थिमज्जा प्रत्यारोपण लागलंच तर ते रक्त अडचणीचं ठरतं. म्हणून दाता परका असलेला बरा. यंत्रावर प्लेटलेट देणारा माणूस 48 तासांनंतर पुन्हा देऊ शकतो, वर्षातून 24 वेळा. रक्तगट जुळणाऱ्या दहा-बारा जणांची यादी आणि कोणाची पाळी कधी, एवढं ठरलेलं असलं की दिवाळीचा आठवडाही निघतो.

अडीच वर्षं कोण कोणाचं करत राहणार, हा दुसरा आक्षेप. तो खरा आहे, कारण आपण मदत एकेका दयाळू माणसावर टाकतो आणि तो थकतो. पण विदर्भात गावोगावी बचत गट आहेत. ठरलेल्या दिवशी ठरलेली छोटी रक्कम, वहीत नोंद आणि गैरहजर राहिलेल्याची चौकशी ही शिस्त बायकांनी वर्षानुवर्षं पाळली आहे. मुलाच्या पुढच्या तारखेचं भाडं, भावंडाचा त्या दिवशीचा डबा, शाळेत कांजिण्यांची साथ आली तर त्याच दिवशी घरी निरोप, ही कामं त्याच वहीत बसतात. मुक्कामाची परंपराही आपलीच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा, त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत आजही टाटा हॉस्पिटलचे रुग्ण उतरतात.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. मदत मागायची तर आजार जाहीर करावा लागतो. मुलगी असेल तर पुढे लग्नाला अडचण म्हणून आई-बाप लपवतात, आणि टक्कल पडलेल्या मुलाचा फोटो मोबाइलवर गावभर फिरतो तो त्याच्या संमतीविनाच. फोटो टाकून पैसे उभे करण्याला माझा विरोध आहे. अगदी नाइलाज असेल तरच ते करावं. छोट्या, नियमित मदतीला जाहिरात लागत नाही. चार घरांना माहीत असलं तरी पुरतं.

हे सगळं सरकारनंच करायला नको का? काही भाग नक्कीच. मुलांचा कॅन्सर बघणाऱ्या प्रत्येक रुग्णालयात तारीख चुकवलेल्या घराला दुसऱ्याच दिवशी फोन करणारा पगारी समाजसेवक असायला हवा. त्याच्याकडे त्या गावातल्या आशाताईंचा आणि बचत गटाच्या अध्यक्षांचा नंबर हवा, कारण बापाचा मोबाइल पुष्कळदा रिचार्जअभावी बंद असतो.