विलायती रायफल आणि काकूच्या पाटल्या



आपल्या उज्जैनच्या मराठी घरांतल्या जुन्या वस्तूंबद्दल इथे बरंच लिहून आलं. पितळी घंगाळं, शिसवी कपाटं, पानदान, आजोबांची पगडी. बंदुकीबद्दल मात्र कुणी लिहिलं नाही. खरं तर शिंदेशाहीतल्या कितीतरी घरांत माळ्यावर एखादी ठासणीची बंदूक असायचीच. दसऱ्याला तिला फूल वाहायचं, बाकी वर्षभर तिच्याकडे कुणी बघायचं नाही. मी जन्मभर बँकेत आकडे मांडले. बंदुकीशी माझा संबंध माधव कॉलेजातल्या एन.सी.सी.पुरताच. तरी १९८८ साली एका विलायती रायफलीच्या खरेदीत मी मध्ये उभा होतो. ती हकीकत सांगतो, कारण त्यातून जे शिकलो ते आजही उपयोगी आहे.

आधी थोडं मागचं. विलायती बंदुकीचं वेड आपल्याकडे नवं नाही. १८१० पर्यंत उज्जैन शिंद्यांची राजधानी होती. महादजींनी द बॉयन या युरोपियन सेनानीकडून कवायती पलटणी उभ्या करवल्या, तेव्हा नुसत्या बाहेरून येणाऱ्या बंदुकांवर ते विसंबून राहिले नाहीत. आग्र्याला संग्स्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तोफा आणि बंदुका तयार होत. इतक्या दूरचा विचार त्या काळी झाला, कारण परदेशातून येणारा माल चांगला आहे की तिकडे टाकून दिलेला, हे घेणाऱ्यालाच पारखावं लागे. पुढे जुलै १८०१ मध्ये याच उज्जैनच्या वेशीवर यशवंतराव होळकरांनी शिंद्यांच्या कवायती पलटणी मोडल्या. हत्यार उत्तम असून भागत नाही, हेही आपल्या गावानं पाहिलेलं आहे.

आता कायद्याचं, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. आपल्या फौजेची जुनी रायफल म्हणजे .३०३ ली-एन्फिल्ड, थ्री-नॉट-थ्री. पोलिसांच्या खांद्यावर ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो थेट २०२० च्या प्रजासत्ताक दिनी. पण ही रायफल सामान्य नागरिकाला ठेवता येत नाही. सैन्याचं काडतूस ज्यात चालेल अशी रायफल लोकांच्या हाती नको, हे धोरण इंग्रजांच्या वेळचं. स्वतंत्र भारताच्या शस्त्र कायद्यातही ते राहिलं. म्हणून इंग्लंडच्या बी.एस.ए. कंपनीनं हिंदुस्थानसाठी .३१५ बोअरच्या शिकारी रायफली बनवल्या, आणि नंतर आपल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यातही त्या बनू लागल्या. यंत्रणा साधारण तीच, पण नळी आणि काडतूस वेगळं. माळव्यात जमीनदाराच्या बैठकीत भिंतीवर दिसायची ती हीच 'तीन सौ पंद्रह'.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर खाजगी माणसांसाठी परदेशी हत्यारांची आयात बंद झाली आणि जुन्या विलायती मालाचे भाव एकदम चढले. ज्याच्याकडे असेल तो सांगेल ती किंमत. त्याच दिवसांत माझ्या चुलतभावाला, आमच्या दादाला, रायफल घ्यायची हुक्की आली.

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तराण्याच्या बाजूला काकांची जमीन होती, ती तो बघायचा. हरभऱ्यात रोजडे घुसायचे, शेतावरच्या घरात काकू एकटी असायची, आणि शेजारच्या पाटलाकडे रायफल होती. तिन्ही कारणं खरी होती, पण माझ्या मते तिसरं सगळ्यात मोठं. परवाना त्यानं मिळवला होता. बडनगरच्या बाजूच्या एका ठाकूरसाहेबांची रायफल विकायची आहे, असं एका दलालानं त्याला सांगितलं. "विलायती है, मिलिटरी का माल है, लाइसेंस पक्का," असं तो म्हणे. किंमत बावीस हजार. तेव्हाचा माझा जवळपास पाच महिन्यांचा पगार!

एवढे पैसे दादाकडे नव्हते. तो एके दिवशी दुपारी आमच्या शाखेत आला आणि टेबलावर रुमालाची पुरचुंडी ठेवली. आत काकूच्या पाटल्या. लग्नातल्या, आठ तोळ्यांच्या.

"यावर कर्ज करून दे. पंधरा दिवसांत व्यवहार करायचाय."

मी म्हटलं, "दादा, सोनं तारण घेताना आम्ही सराफाला बोलावतो, कसोटी लावतो, मग पैसे देतो. तू ज्या वस्तूसाठी हे सोनं ठेवतोयस, तिला कसोटी कोणी लावली?"

तो म्हणाला, "मी बघितली की. आरशासारखी चकचकीत आहे."

आमच्या शाखेत तेव्हा एक माजी सैनिक गार्ड होते. मूळ साताऱ्याकडचे, फौजेत आर्मरर, म्हणजे हत्यारांची दुरुस्ती करणारे हवालदार. शेवटची नोकरी महूला झाली म्हणून इकडेच राहिले. आम्ही त्यांना हवालदारसाहेबच म्हणायचो. बँकेची बारा बोअरची बंदूक ते रोज सकाळी अशी पुसायचे, जणू काही आज पाहणी आहे. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"मिलिटरीची हाय म्हणतो? मग ती थ्री-नॉट-थ्री असंल, आन ती ह्यांच्या लायसनवर येत न्हाई. लायसनवर येत असंल तर मिलिटरीची न्हाई. दोन्ही खरं कसं व्हईल, साहेब?"

मी कॉमर्सचा माणूस. ताळेबंदाच्या दोन बाजू जुळत नाहीत, हे मला लगेच कळलं. दादाला कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

रविवारी आम्ही तिघं गेलो. ठाकूरसाहेब सत्तरीचे, सभ्य गृहस्थ. पोहे-जिलबी झाली. मग रायफल बाहेर आली. खरंच देखणी! लाकूड मधासारखं, लोखंड काळंभोर. दादाचे डोळे लकाकले. हवालदारसाहेबांनी ती हातात घेतली आणि सगळ्यात आधी नळी भिंतीकडे वळवून बोल्ट उघडला, आत बोट घालून ती रिकामी असल्याची खात्री केली. रिकामी असल्याचं मालकानं आधीच सांगितलं होतं. तरीही.

मग त्यांनी मालकाचा परवाना मागितला. त्यावरचा नंबर आणि रायफलीवरचा नंबर जुळला. पण बोल्टच्या दांड्यावरचा नंबर वेगळा होता. ते म्हणाले, ली-एन्फिल्डमध्ये बोल्ट आणि बॉडी एकमेकांना बसवून मग एकच नंबर मारतात. नंबर वेगळा म्हणजे बोल्ट दुसऱ्या रायफलीचा. तो नीट बसतो की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, त्याला गेज लागतं. फट जास्त असली की काडतुसाचं पितळ मागच्या बाजूला फाटतं.

नंतर बोल्ट काढून, मागे कोरा कागद धरून, त्यांनी नळीतून पाहिलं. मलाही दाखवलं. आतले पीळ दिसत होते, पण मधे मधे काळे ठिपके होते, तांब्याच्या तळाला धरतात तसे. त्यांनी समजावलं, की जुन्या काडतुसांच्या टोपीत असं रसायन असे, की बार झाल्यावर नळीत क्षार राहतो आणि तो हवेतली ओल ओढतो. म्हणून फौजेत फायरिंगनंतर नळीतून उकळतं पाणी ओतायचे, मग कोरडी करून तेल. घरी कोण ओततं पाणी? लोक बाहेरून तेल चोपडतात आणि आत गंज वाढतो. काळी अंगठी दिसते का, हेही त्यांनी पाहिलं. नळीत काही अडकलेलं असताना बार झाला, तर तिथे नळी फुगते आणि आतून गोल सावली दिसते. ती नव्हती. मग मालकाकडचं एक काडतूस घेऊन त्याचं टोक नळीच्या तोंडात नुसतं टेकवून पाहिलं. गोळी किती आत जाते, त्यावरून तोंड किती झिजलंय ते कळतं. झिजलं होतं, पण फार नाही.

दादा म्हणाला, "म्हणजे चालेल ना?"

हवालदारसाहेबांनी उत्तर दिलं नाही. ते दस्त्याच्या मानेजवळच्या लोखंडी कड्यावर बोट फिरवत होते. तिथे मुकुट होता, खाली जी.आर., मग एन्फिल्ड आणि १९१७. परवान्यावर मात्र लिहिलं होतं बी.एस.ए. स्पोर्टिंग. म्हणजे ही पहिल्या महायुद्धातली फौजी रायफल. तिची पुढची लाकडं कापून, .३१५ ची नळी बसवून, कुणीतरी तिला शिकारी रूप दिलं होतं. इथवर दलालाचं "मिलिटरी का माल" खरंच होतं म्हणायचं.

मग त्यांनी मालकाच्या परवानगीनं स्क्रू काढून पुढचं लाकूड उतरवलं. आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाचे पुसट ओघळ होते. दस्त्याच्या डाव्या अंगाला पॉलिशखाली किंचित खोलगट जागा होती. तिथे त्यांनी खडूची भुकटी चोळली आणि फडक्यानं हलकेच पुसली. दोन अक्षरं उमटली, आणि ती वाचायला मला कुणाची गरज नव्हती. एन.सी.सी.त कवायतीला आम्हाला ज्या रायफली मिळायच्या, त्यांच्यावर तीच अक्षरं असत. डी.पी. ड्रिल पर्पज. फौजेनं गोळी झाडण्यासाठी नापास केलेली, फक्त खांद्यावर घेऊन कवायत करायची रायफल!

हवालदारसाहेब ठाकूरसाहेबांना हिंदीत शांतपणे म्हणाले, की ही नापास का केली ते आता कुणी सांगू शकणार नाही. बॉडीला बारीक तडा असेल, घासली गेली असेल. पण रायफलीत काडतूस फुटतं ते माणसाच्या तोंडापासून चार बोटांवर. ही पुन्हा उडवू नका.

ठाकूरसाहेब बराच वेळ गप्प राहिले. रायफल त्यांच्या वडिलांनी विश्वासानं घेतली होती, त्यांना स्वतःला काहीच माहीत नव्हतं. मग म्हणाले, "पिछले महीने भतीजे की बारात में मेरे लड़के ने इसी से सात फायर किए थे." एवढं बोलून त्यांनी पाण्याचा पेला उचलला, तर हात थरथरत होता. दुसऱ्याच दिवशी ते स्वतः जाऊन रायफल ठाण्यात जमा करून आले. दलालाचं मोठं नुकसान झालं. तो आम्हाला पुढे बरीच वर्षं ओळख देत नव्हता.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये दादा माझ्याशी बोलला नाही. घराशी उतरताना एवढंच म्हणाला, "तुला माझं चांगलं बघवत नाही." गावात त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, की विलायती रायफल येतेय. त्या वर्षी दिवाळीला तो आमच्याकडे आला नाही. माझ्या आईला ते फार लागलं.

पाटल्या मी स्वतः काकूच्या हातात नेऊन दिल्या. तिनं त्या चढवल्या, हात जरा लांब धरून बघितलं आणि म्हणाली, "कपाटात नव्हत्या, तेव्हा वाटलं दुरुस्तीला दिल्यात. मला कुणी विचारलंच नव्हतं रे." बावीस हजारांचा हिशेब आम्ही सगळे करत होतो. हा हिशेब कुणाच्याच मनात आला नव्हता.

पुढच्या हंगामात दादानं स्वतःच्या साठवणीतून, परवान्यात बदल करून घेऊन, ऑर्डनन्स फॅक्टरीची नवी दुनाळी बारा बोअर घेतली. हवालदारसाहेबांनीच सुचवलं होतं, की रोजड्यांना मारायचं तर नाहीच, कायदा आहे, नुसतं हुसकवायचं तर त्याला रायफल कशाला? दुकानात बंदूक पाहायला दादानं हवालदारसाहेबांनाच नेलं, मला नाही. संध्याकाळी मात्र बंदूक दाखवायला आमच्याकडे आला. आईनं त्याला जेवायला थांबवलं. तो विषय आमच्यात परत कधी निघाला नाही.

आता दादा नाही, हवालदारसाहेबही नाहीत. दादाचा मुलगा पुण्यात नोकरी करतो, त्याला बंदूक नको होती. आम्ही रीतसर अर्ज करून ती परवानाधारक दुकानदाराकडे जमा केली. हे मुद्दाम लिहितोय, कारण आपल्यातल्या बऱ्याच घरांत वडील गेल्यावर हत्यार तसंच कपाटात राहतं. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नाही. मालक गेला की वारसानं एकतर स्वतःचा परवाना काढायचा, नाहीतर हत्यार जवळच्या ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, पूर्वी तीन चालायची. तेव्हा काकांची, आजोबांची मिळून तिसरं कुणाकडे असेल, तर आधी कागद बघा.

आणि माळ्यावर जुनी बंदूक सापडलीच, तर ती रिकामी आहे असं गृहीत धरू नका, मुलांच्या हाती देऊ नका, आणि दसऱ्याच्या उत्साहात "बघू तरी चालते का" असं तर अजिबात करू नका. जाणकाराला बोलावून तिची नळी आतून बघून घ्या. बाहेरचं पॉलिश कुणीही करतं.