सगळ्यांना माहीत होतं

‘सर्व्हायव्हिंग आर. केली’ ही सहा भागांची मालिका जानेवारी २०१९मध्ये लाइफटाइम वाहिनीवर सलग तीन रात्री लागली. मी तेव्हा शिकागोच्या साउथ साइडला एका शाळेत गणित शिकवत होते. वर्गातली बहुतेक मुलं कृष्णवर्णीय. गायक आर. केली याच भागात वाढलेला, त्यामुळे तो सगळ्यांना घरचाच वाटे. त्याचं ‘आय बिलीव्ह आय कॅन फ्लाय’ आमच्या आठवीच्या निरोप समारंभात मुलं म्हणायची आणि आया डोळे पुसायच्या.

मालिका मी शाळेतल्या ग्रंथपाल बाईंकडे बसून पाहिली. त्या इथेच जन्मलेल्या, माझ्याहून वयाने बऱ्याच मोठ्या. एकामागून एक बाई कॅमेऱ्यासमोर येऊन बसत होती आणि केलीने आपलं लैंगिक शोषण कसं केलं ते सांगत होती. नाव झाल्यावरही तो आपल्या जुन्या शाळेत, केनवूड अकॅडमीत, यायचा आणि मुलींशी ओळख काढायचा, हेही त्यात आलं. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, “हे सगळ्यांना माहीत होतं.”

खरंच होतं. १९९४ साली सत्तावीस वर्षांच्या केलीने पंधरा वर्षांच्या आलिया या गायिकेशी लग्न लावलं, कागदावर तिचं वय अठरा लिहून. डिसेंबर २०००मध्ये ‘शिकागो सन-टाइम्स’ने मुलींच्या तक्रारी छापल्या. २००२मध्ये एका चित्रफितीवरून बाललैंगिक चित्रणाचा गुन्हा दाखल झाला. खटला उभा राहायला सहा वर्षं गेली, आणि तेवढ्या काळात त्याचे अल्बम खपतच राहिले. २००८मध्ये तो सगळ्या आरोपांतून सुटला.

त्या खटल्यातला एक ज्युरर मालिकेत बोलतो. साक्षीला आलेल्या बायकांवर माझा विश्वास बसला नाही, त्यांचे कपडे आणि त्यांचं वागणं मला पटलं नाही, असं तो अगदी सहज सांगतो. ग्रंथपाल बाईंनी तिथेच टीव्ही थांबवला. “आमच्या मुलींना कायम असंच मोजतात,” त्या म्हणाल्या. मला वर्गातल्या मुली दिसू लागल्या. केसांना रंग लावणाऱ्या, मोठ्याने हसणाऱ्या, अपूर्णांकांवर माझ्याशी वाद घालणाऱ्या. यांच्यापैकी एखादी उद्या काही सांगू लागली, तर ऐकणारा आधी तिचा स्कर्ट पाहील. याची मला आजही चीड येते.

मालिकेनंतर काही दिवसांतच सरकारी वकील किम फॉक्स यांनी पीडितांना पुढे येण्याचं जाहीर आवाहन केलं. फेब्रुवारीत नवे गुन्हे दाखल झाले. शाळेत पालकसभेला समारंभाच्या गाण्याचा विषय निघाला. एक वडील कळवळून म्हणाले, माझ्या आईच्या अंत्यविधीला हेच गाणं म्हटलं होतं, ते आता मी कुठे टाकू? त्यांना कुणी खोडून काढलं नाही. पण समारंभात ते गाणं ठेवायचं नाही, असं ठरलं. मला ते योग्य वाटलं. मंचावर उभ्या राहणाऱ्या मुली तेरा-चौदा वर्षांच्या होत्या.

न्यूयॉर्कच्या फेडरल खटल्यात २०२१ साली केली दोषी ठरला. पुढच्या वर्षी तीस वर्षांची शिक्षा झाली. ऑगस्ट २०२२मध्ये शिकागोत दुसरा फेडरल खटला चालला, आणि २००८मध्ये जी साक्षीला आलीच नव्हती ती चित्रफितीतली मुलगी या वेळी उभी राहिली. आता ती सदतीस वर्षांची होती. ती मीच, तेव्हा मी चौदा वर्षांची होते, असं तिने सांगितलं. सप्टेंबरमध्ये तिच्या चित्रफितींबद्दलही केलीला दोषी ठरवलं गेलं.

आमच्या त्या वर्गातली एक मुलगी तेव्हा बारावीला पोचली होती. तिने मला बातमी पाठवून विचारलं, मिस, ती आधी का नाही बोलली? मी तिला फोनच केला. त्या ज्युररपासून सुरुवात केली, आणि आम्ही बराच वेळ बोललो.