गळ, गाबोळी आणि गार पाणी

एप्रिलच्या मध्यावर मॅसॅच्युसेट्समध्ये वसंत येतो तो कागदोपत्री. झाडं अजून खराटे असतात, काचेवरचा बर्फ खरवडायचं ते प्लास्टिकचं हत्यार मागच्या सीटवर पडलेलंच असतं (असू दे, लागेल), आणि सकाळी सहाला गाडीचा थर्मामीटर ३८ दाखवतो. फॅरनहाइट हो. म्हणजे आपले तीन-साडेतीन.

आणि नेमक्या याच दिवसांत काही वेडे लोक गाडीच्या टपावर कनू बांधून बास मासा धरायला निघतात. मी त्यातला एक.

कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, उघडी, बिनइंजिनाची होडी. माझी सोळा फुटी आहे. क्रेगलिस्टवर सेकंडहँड घेतली, आधीच्या मालकाच्या कुत्र्याच्या नखांच्या ओरखड्यांसकट. मोटरबोटवाले आपल्याकडे जरा दयेनेच बघतात. पण एप्रिलमध्ये कनूसारखं दुसरं काही नाही. मासा तेव्हा उथळ पाण्यात आलेला असतो आणि कनू चार-पाच इंच पाण्यातही तरंगते. शिवाय आवाज नाही. वल्हं काठावर आपटलं नाही तर तुम्ही आलात हे फक्त बगळ्याला कळतं.

आता हा मासा उथळात का येतो? हिवाळाभर तो खोल पाण्यात जवळजवळ हायबरनेट मोडमध्ये असतो. थंड रक्ताचा प्राणी. पाणी चार अंशांना सगळ्यात जड होतं, म्हणून वर बर्फ असला तरी तळाशी साधारण तेवढं तापमान टिकतं आणि मासा तिथे पडून राहतो. बर्फ गेला की जिथे पाणी आधी तापतं तिकडे तो सरकतो. हे कुठे होतं, ते नकाशा बघून घरबसल्या सांगता येतं. तलावाचा उत्तर-पश्चिमेकडचा कोपरा. तिथे दक्षिणेचं ऊन थेट पडतं आणि बोचरा वायव्य वारा लागत नाही. त्यात तळ काळ्या चिखलाचा असेल तर उत्तमच, काळं लवकर तापतं. दोन-तीन अंशांचाच फरक, पण बासला तो पुरतो. पाणी पन्नासच्या आसपास आलं (आपले दहा) की अंड्यांनी भरलेल्या मोठ्या माद्या खायला काठाशी येतात. साठच्या पुढे गेलं की नर शेपटीने तळाशी खळगा करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि पुढची राखण नर करतो. म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा मासा गळाला लागायची वेळ ही, एप्रिलची. का मोठा, ते वरच्या वाक्यात आलंच आहे. मी ते वाक्य बरीच वर्षं नीट वाचलं नव्हतं.

माझी नेहमीची जागा म्हणजे सडबरी नदीवरचा फेअरहेवन बे. लिंकन गावाजवळ ११७ नंबरच्या रस्त्यावरच्या पुलाशी कनू पाण्यात सोडायची आणि प्रवाहाबरोबर कॉन्कर्डच्या दिशेने निघायचं. प्रवाह कसला, नदी जांभया देत चालते. वसंतात पाणी काठ सोडून कुरणांत शिरलेलं असतं. काठचे रेड मेपल पानं यायच्या आधीच लाल फुलांनी भरतात, ओंडक्यांवर कासवं ओळीने ऊन खात बसतात, आणि लाल खांद्यांचे काळे पक्षी मागच्या वर्षीच्या वाळलेल्या लव्हाळ्यांवर बसून केकाटत असतात. मग एका वळणानंतर नदी अचानक तळ्यासारखी रुंद होते. तोच फेअरहेवन बे.

या जागेला एक इतिहासही आहे. ३० एप्रिल १८४४ रोजी हेन्री डेव्हिड थोरो आणि त्याचा मित्र एडवर्ड होर होडीतून इथे आले, मासे धरले आणि काठावर चूल पेटवून ते रांधायला बसले. वाळलेल्या गवताने पेट घेतला आणि कॉन्कर्डचं १०० एकरांहून जास्त जंगल जळलं. निसर्गात कसं राहावं हे साऱ्या जगाला शिकवणारा माणूस! गावकरी त्याला पुढे कित्येक वर्षं यावरून टोमणे मारत. थोरोला इथे बास मात्र मिळाला नसणार. बास मॅसॅच्युसेट्सचा मूळचा नाही, तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर बाहेरून आणून इथल्या पाण्यात सोडला. आता मात्र सगळं तळं आपल्याच बापाचं असल्यासारखा राहतो. आमच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समधल्या अर्ध्या लोकांसारखाच :)

असो. तर मागच्या एप्रिलमध्ये बाबा आले होते.

बाबा ७१ वर्षांचे. लहानपण देवगडच्या खाडीकाठी गेलेलं. कोळंबी लावून गरवायला बसायचं आणि संध्याकाळी तांबोशी नाहीतर पालू घरी न्यायचा, हे त्यांचं शिक्षण. मला त्यांनी कधी शिकवलं नाही. मी अभ्यास करावा म्हणून. मासे धरायला मी अमेरिकेत येऊन यूट्यूबवर शिकलो, हे त्यांना सांगताना मला थोडी लाजच वाटली.

इथे त्यांचा दिवस खिडकीत जायचा. मी मीटिंगांमध्ये. संध्याकाळी आम्ही दोघं 'जेवण झालं का' आणि 'उद्या थंडी आहे का' या दोन विषयांवर बोलायचो. पॅट्रिएट्स डेच्या लाँग वीकांताला म्हटलं, बाबा, मासे धरायला येता का? तर खिडकीतून मान वळवून म्हणाले, "खयचे मासे?"

"बास."

"बास? म्हणजे पुरे?"

पहिला धक्का परवान्याचा. बाहेरून आलेल्या पाहुण्यासाठी तीन दिवसांचा परवाना मिळतो, तो मी ऑनलाइन काढला. नदीत गळ टाकायला सरकारची परवानगी लागते हे ऐकून ते बराच वेळ गप्प होते. दुसरा धक्का शिशाचा. एक औंसाच्या आतली शिशाची वजनं इथे २०१२ पासून गोड्या पाण्यात चालत नाहीत, कारण लून नावाचा पक्षी ती गिळतो आणि मरतो. हे मात्र त्यांना एकदम पटलं.

तिसरा वाद लाइफ जॅकेटचा. मॅसॅच्युसेट्समध्ये १५ सप्टेंबर ते १५ मे कनूत बसणाऱ्या प्रत्येकाने ते अंगावर घालायचं असा कायदा आहे. नुसतं जवळ ठेवून चालत नाही. बाबा म्हणाले, मी खाडी पोहून पार करणारा माणूस. मग मी त्यांना १-१०-१ सांगितलं. बर्फगार पाण्यात पडलात तर पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायला, पुढची १० मिनिटं हातपाय ऐकतील, आणि साधारण १ तासात गारठ्याने शुद्ध जाईल. पोहता येणारी माणसं पहिल्या मिनिटातच नाकातोंडात पाणी जाऊन बुडतात, कारण थंडीच्या धक्क्याने आपोआप मोठा श्वास घेतला जातो. त्यांनी जॅकेट घातलं. कनूकडे बघून मात्र म्हणालेच, "हिका उलांडी खय असा?"

प्रश्न बरोबर होता. कोकणातल्या लहान होडीला बाजूला लाकडाची उलांडी असते, ती तिला कलंडू देत नाही. कनूला तसलं काही नसतं. कनूची उलांडी म्हणजे आत बसलेल्यांची अक्कल.

बाबा पुढे, मी मागे. मागच्याने होडी सांभाळायची, पुढच्याने मासे धरायचे, हा रिवाज आहे. थर्मामीटर दोरीला बांधून पाण्यात सोडला. उन्हातल्या कोपऱ्यात ५१. मी त्यांच्या दोरीला जर्कबेट बांधला. हा लहान माशासारखा दिसणारा लांबट प्लास्टिकचा तुकडा. त्याची घनता पाण्याएवढी केलेली असते, म्हणजे ओढायचा थांबलात की तो बुडतही नाही आणि वरही येत नाही, जागच्या जागी लटकतो. दोन झटके द्यायचे आणि थांबायचं. गार पाण्यातला बास धावत येत नाही, तो येऊन बघत बसतो. दहा सेकंद थांबा, पंधरा थांबा. सगळा खेळ त्या थांबण्यात.

आणि हेच मला जमत नाही! दिवसभर बिल्ड संपायची वाट बघत दुसऱ्या टॅबमध्ये शिरणारा माणूस मी. चौथ्या सेकंदाला माझा हात हलतो. बाबांनी दोन झटके दिले आणि थांबले. मी मनात मोजत होतो. वीस झाले, पंचवीस झाले. मला वाटलं झोप लागली की काय. मान जराशी कलती, दोरी धरलेलं बोट ताठ. देवगडच्या खाडीत ते असेच बसत असणार. हे दृश्य मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो.

तिसाच्या आसपास कधीतरी दोरी कडेला सरकली. आणि बाबा उभे राहिले.

खाडीतल्या होडीत माणूस उभा राहतो हो. मासा लागला की उभंच राहायचं. पण कनू एका क्षणात डावीकडे झुकली, काठ पाण्याखाली गेला, बादलीभर पाणी आत आलं आणि माझ्या बुटांत शिरलं. मी वल्हं पाण्यावर आडवं आपटलं आणि त्यावर सगळं वजन टाकलं. "बाबा, खाली बसा!" असं मी त्यांच्यावर ओरडलो. जन्मात पहिल्यांदा. ते बसले. कनू दोनदा डुलली आणि सरळ झाली. काठ शंभर फुटांवर होता. दहा मिनिटांत मी ७१ वर्षांच्या माणसाला तिथवर नेऊ शकलो असतो का, हा हिशोब मी त्या दिवशी केला नाही. रात्री केला.

त्यांनी रॉड मात्र सोडला नव्हता.

मासा आला. चार पौंडांची मादी असावी, हिरवट काळी, तोंडात मूठ जाईल एवढा जबडा. मी हात ओले केले (कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो), खालचा ओठ धरून उचलली आणि पोटाखाली दुसरा हात दिला. पोट टम्म. बाबांनी मागे वळून अंगठ्याने हलकेच दाबून पाहिलं. चेहरा असा उजळला की विचारू नका.

"गाबोळी असा रे!"

कोकणी माणसाला गाबोळी म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही त्याला सांगून कळणार नाही. मी गळ सोडवला आणि तिला पाण्यात धरलं. ती दोनदा कल्ले हलवून गेली. बाबा रिकाम्या पाण्याकडे बघत राहिले.

"सोडलंस?"

मी समजावून सांगितलं. या नदीचा मासा खायचाच नाही. वर ॲशलंड गावात कापडाचे रंग बनवायचा कारखाना होता. तो १९७८ सालीच बंद झाला, पण त्यातला पारा नदीच्या चिखलात उतरला आणि तिथून माशांत. त्यामुळे सगळेच धरून सोडतात.

"खावचो नाय तर धरूचो कित्याक?"

मी म्हटलं, खेळ आहे बाबा. माशाला काही होत नाही.

"पोटुशी असा ती," ते म्हणाले. "ह्या काय खेळणा असा?"

आता मलाही चेव आला. म्हटलं, तुम्ही जन्मभर गाबोळी खाल्लीत, ती काय पोटुशी नसलेल्या माशांची होती?

"खाल्लंय. पण फुकट नाय घालवलंय."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे तशी आहेत, आणि मी ती मनात जुळवलीही. लगेच सोडलेली मादी बहुतेक वेळा जगते, अंडीही घालते. कायद्याने इथे बासला बंद मोसमच नाही. शेजारच्या न्यू हॅम्पशायरमध्ये १५ मे ते १५ जून बास धरला तर लगेच सोडावा लागतो, जिवंत आमिषही चालत नाही. इथे तेवढंही नाही. पण हे सगळं 'चालतं का' या प्रश्नाचं उत्तर झालं. बाबांनी 'कशाला' असं विचारलं होतं. बुटात पाणी, हाताला माशाचा वास, मी वल्हं मारत राहिलो. परतताना प्रवाह उलटा आणि वारा तोंडावर, तेव्हा बोलायचा प्रश्नही आला नाही. बाबांनी न सांगता पुढचं वल्हं उचललं होतं. त्यांचा हात माझ्यापेक्षा संथ आहे, आणि होडी जास्त सरळ जाते.

मासेमारी मी सोडलेली नाही, उगाच खोटं कशाला बोला. पण तेव्हापासून पाणी ५८ च्या वर गेलं की थांबतो, ते जूनच्या मध्यापर्यंत. घरट्यावरचा नर मिनिटभर जरी उचलला तरी ब्लूगिल नावाचे छोटे मासे टपलेलेच असतात, अंडी साफ करतात. आधीही मला हे माहीत होतं. एप्रिलच्या माद्यांचं काय करायचं, ते अजून ठरत नाही. या शनिवारी कनू टपावर बांधली होती, ती तशीच उतरवून ठेवली. पुढच्या शनिवारी उतरवीनच असं नाही.

त्या दिवशी घरी येताना बाबांना जरा बरं वाटावं म्हणून एका मासळीच्या दुकानात थांबलो. त्यांनी काचेआडच्या प्रत्येक माशाचे डोळे बघितले आणि नापसंतीने मान हलवली. शेवटी एका ट्रेपाशी थांबले. बर्फावर लालसर, जोडीजोडीने ठेवलेली गाबोळी. शॅडची. शॅड हा आपल्या पाल्याचा लांबचा नातेवाईक, समुद्रातून वसंतात नद्यांत चढतो आणि त्याची गाबोळी इथले जुने लोकही वर्षातून एकदा हौसेने खातात. दोन जोड्या घेतल्या. भाव मी डॉलरमध्ये सांगितला आणि त्यांनी रुपयांत करायच्या आत गाडीत बसवलं.

घरी त्यांनी मला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. हळद, तिखट, मीठ, आगळाचे दोन थेंब, वर रवा. तेल तापलं, पहिली जोडी टाकली, आणि गाबोळी जशी उडते तशी तडतडायला लागली. दोन मिनिटांत घरभर धूर आणि छतावरचा स्मोक अलार्म कोकलायला लागला. मी स्टुलावर चढून टॉवेलने वारा घालत होतो, शेजारीण दारात येऊन सगळं ठीक आहे ना विचारत होती.

बाबांनी गॅस बारीक केला, एक तुकडा बशीत काढला आणि वर न बघता म्हणाले, "तिका पण दी."