नळ बंद ठेवा

मुळशी, मावळ, कर्जत या पट्ट्यात ज्यांची शनिवार-रविवारची घरं आहेत, त्यांचे मला फेब्रुवारीत फोन येऊ लागतात. तक्रार एकच. येताना रस्त्याच्या कडेला पळस फुललेला दिसतो, कुंपणाबाहेरचा पांगारा लालेलाल झालेला असतो; आणि यांच्या बागेत, जिथे ठिबक आहे, लॉनवर तुषार आहेत, वेळच्या वेळी खत पडतं, तिथे नुसता पाला. मी विचारते, पाणी किती देता? उत्तर अभिमानाने येतं, "रोज!" माळीकाका जवळ उभे असतील तर निकाल माझ्याआधी तेच देऊन टाकतात. "झाड माजलंय, ताई."

वसंतातल्या फुलांवर दिवाळी अंकात लिहायचं कारण असं, की ती फुलं येणार की नाही हे बरंचसं याच दिवसांत ठरतं. पाऊस संपलेला असतो, जमिनीत अजून ओल असते, आणि मालक उत्साहाने नळ सोडतात.

युरोपातला वसंत बर्फ वितळून माती भिजली की येतो. आपला अगदी उलट वेळी येतो. जमीन तडकायला लागलेली असते, ओढे आटलेले असतात, आणि पळस, पांगारा, काटेसावर नेमके तेव्हाच, माघ-फाल्गुनात बहरतात. पानं गाळली की झाडातून उडून जाणारं बरंच पाणी वाचतं, आणि खोडात-मुळांत साठवलेल्या पुंजीवर फुलांचा खर्च भागतो. आड यायला पानं नसल्याने ही लाल-केशरी फुलं लांबून दिसतात. त्यांना वास जवळपास नाहीच, कारण त्यांचं गिऱ्हाईक पाखरं आहेत : मैना, बुलबुल, शिंजीर. शिवाय बी पावसाच्या आधी तयार व्हायला हवं. पळसाची चपटी, टोकाशी एकच बी असलेली शेंग आणि सावरीचा कापूस कोरड्या वाऱ्यावर उडतात आणि मृगाच्या सरी पडेपर्यंत जमिनीवर पोचलेले असतात. हे सगळं गणित कोरड्या दिवसांवर बसवलेलं आहे. तिथे आपण रोज पाइप सोडला की ते विस्कटतं. लॉनच्या मधोमध लावलेला बहावा मी पाहिला आहे. चैत्र आला तरी तो पानं सोडायला तयार नसतो, आणि मग सोन्याचे घोस कुठून लोंबणार?

आपल्या फळबागायतदारांना हे शिकवावं लागत नाही. ते झाडाला 'ताण देतात', मग 'बहार धरतात'. डाळिंबाचं पाणी हलक्या जमिनीत साधारण महिनाभर आणि भारी काळ्या जमिनीत दीड महिन्यापर्यंत तोडायचं, पानगळ झाली की छाटणी, खत, आणि मग पाणी. जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया, जून-जुलैत मृग, सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त. पाणी तुटलं की शेंड्याची वाढ थांबते आणि पानांनी केलेलं अन्न नव्या पालवीत उधळलं न जाता फांदीत साठून राहतं. युरिया मारलेल्या, भिजत ठेवलेल्या झाडाला फुलायची निकडच वाटत नाही.

हापूसचं थोडं निराळं, आणि त्यावर सविस्तर बोलायला हवं, कारण प्रत्येक अंगणात एक तरी कलम असतंच. त्याला मोहोर आणते ती मुख्यतः रात्रीची थंडी. पण ती पडायच्या वेळी काडी जून झालेली हवी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी दिलंत तर तांबूस पालवी फुटते, दिसते सुरेख, आणि त्या फांदीचा मोहोर हुकतो किंवा लांबतो. म्हणून मोठ्या कलमाचं पाणी पाऊस संपताच तोडायचं आणि फळ वाटाण्याएवढं झाल्यावरच पुन्हा द्यायचं. कोकणात पॅक्लोब्युट्राझॉल जुलै-ऑगस्टमध्ये मुळांशी घालतात, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची तशी शिफारस आहे. तेही वाढच रोखतं. धंद्याच्या बागेत ठीक आहे. घरच्या दोन कलमांसाठी मी ते कधीच सुचवत नाही. आणखी एक : मोहोरावर घोंगावणाऱ्या माश्या पाहून फवारणीचा पंप काढू नका. आंब्याचं परागीभवन मुख्यतः त्याच करतात. एका तुऱ्यात हजारभर फुलं असली तरी त्यांतली बरीच नर असतात, आणि आंबा धरतो तो एखाद-दुसरा. त्यात माश्याच मारल्या तर तोही नाही.

मोगऱ्याला डिसेंबरात कोरडं ठेवा. जानेवारीत छाटणी करून उरलेली पानं ओरबाडा, शेणखत घाला आणि मग भरपूर पाणी. शेजारी चुकचुकतील, चुकचुकू दे. मार्चपासून कळ्यांना तोटा नसतो. बोगनवेल तर पाण्याचे लाड केले की काटे आणि पानंच वाढवते. कुंडीतली रोपं, जास्वंद आणि तीनेक वर्षांखालची झाडं मात्र या शिस्तीत धरू नका.

आणि सगळा वसंत ताणाचाच असतो असंही नाही. वेंगुर्ल्याकडची सुरंगी सदाहरित; पानं न गाळताच तिच्या जुन्या फांद्यांवर फुलं दाटतात. कळी उमलायच्या आत गजऱ्यासाठी खुडावी लागते, म्हणून पहाटेच माणसं झाडावर चढलेली असतात. लाल दिसणारं सगळं फूलही नसतं. मार्चमध्ये घाटात कुसुमाची कोवळी पानं पाहून "हे कुठलं फूल?" म्हणून फोटो पाठवणारे दरवर्षी भेटतात.

नवी बाग आखणाऱ्यांना मी लॉन सोडा म्हणत नाही, ऐकणार कोणी नाही. निम्मी जागा पाइपाबाहेर ठेवा, एवढंच सांगते. तिथे पळस, पांगारा, बहावा लावायचे, पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी द्यायचं आणि पुढे विसरायचं. काटेसावर लावणार असाल तर घरापासून आणि पोहण्याच्या तलावापासून लांब लावा. एप्रिल-मेमध्ये तिचा कापूस उडतो, तो थेट तलावाच्या फिल्टरमध्ये जाऊन बसतो, आणि मग मला दुसऱ्या तक्रारीचे फोन येतात.